शुश्रूषा केंद्र शोधताना: आधी गरज, मग हिशोब, मग जागा

बहुतेक घरांत हा शोध घाईतच सुरू होतो. आईच्या खुब्याचं हाड मोडलेलं असतं किंवा वडिलांना पक्षाघात झालेला असतो, आणि हॉस्पिटलमधून निरोप येतो: उद्या डिस्चार्ज. घरी उचलून बसवायला माणूस नाही, जिना आहे, बाथरूम अरुंद आहे. मग रात्री मोबाईलवर शोधाशोध, सकाळी दोन जागा बघायच्या, आणि जिथे फरशी चकाचक आणि मॅनेजर गोड बोलणारा, तिथे अनामत भरून मोकळं व्हायचं. खरे खर्च आणि खऱ्या अडचणी महिन्याभराने कळतात.

हा क्रम उलटा आहे. आधी माणसाला नेमकी कसली मदत लागते ते कागदावर मांडायचं, मग ती मदत किती वर्षं परवडेल याचा हिशोब करायचा, आणि जागा बघायला सगळ्यात शेवटी निघायचं. जागा बघतानाही इमारतीपेक्षा हात मोजायचे. रात्री तीन वाजता कूस कोण बदलणार, या प्रश्नाचं उत्तर बागेपेक्षा आणि टीव्हीच्या हॉलपेक्षा मोलाचं असतं.

घाई खरीच असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवकाशी किंवा डिस्चार्जचं काम बघणाऱ्या व्यक्तीशी बोलून दोन-चार दिवस मागून घ्या. नाहीच मिळाले, तर त्यातल्या त्यात बऱ्या ठिकाणी महिन्यापुरताच प्रवेश घ्या आणि तो महिन्यापुरता आहे हे लेखी घ्या. कायमचा निर्णय हॉस्पिटलच्या कॉटशेजारी उभं राहून घेऊ नये, याला वैद्यकीय कारण आहे. मोठं ऑपरेशन, जंतुसंसर्ग, अतिदक्षता विभागातला मुक्काम यानंतर म्हातारी माणसं गोंधळतात, असंबद्ध बोलतात, घरच्यांना ओळखत नाहीत. या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. तो डिमेन्शियासारखा, म्हणजे स्मृतिभ्रंशासारखा दिसतो, पण बऱ्याचदा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत ओसरतो. तेवढ्यावरून स्मृतिभ्रंशाच्या बंद दाराच्या विभागाचा वर्षाचा करार करून बसलात, तर माणसाचंही नुकसान आणि पैशाचंही.

## गरज कागदावर मांडा

अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये रोजच्या जगण्यातल्या सहा क्रियांची यादी प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. अंघोळ, कपडे घालणं, शौचालयात जाऊन येणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने खाणं, अशा त्या सहा क्रिया. प्रत्येकीपुढे एकच गोष्ट लिहा: स्वतः करतात, कुणी शेजारी उभं राहिलं तर करतात, एका माणसाची मदत लागते, की दोन माणसं लागतात.

एक आणि दोन माणसांमधला फरक फार मोठा आहे. वजनाने भारी असलेल्या, एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला एकट्या अटेंडंटने उचलणं दोघांनाही धोक्याचं असतं. ज्या केंद्रात रात्री एका मजल्यावर एकच माणूस असतो, ते केंद्र अशा रुग्णासाठी यादीतून तिथेच बाद होतं, मग बाकी कितीही चांगलं असो.

फोन, औषधं, पैशांचे व्यवहार, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं आणि प्रवास ही दुसरी यादी, लॉटन आणि ब्रॉडी यांची, १९६९ ची. फक्त या यादीतलं काही अडत असेल तर शुश्रूषा केंद्र लागत नाही. घरी येणारी मदत किंवा ज्येष्ठांसाठीची निवासव्यवस्था पुरते, आणि तिचा खर्चही बराच कमी असतो.

मग वैद्यकीय बाजू लिहा. नाकातून अन्नाची नळी आहे का, लघवीची नळी, गळ्यातली नळी, ऑक्सिजन, इन्सुलिन, ड्रेसिंग लागणारी जखम. पाणी पिताना ठसका लागतो का. हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत घास किंवा पाणी गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. अशा माणसाला ताठ बसवून सावकाश भरवायला वेळ असलेला हात हवा. शेवटी मनाची बाजू: संध्याकाळ झाली की अस्वस्थ होतात का, दार उघडून बाहेर पडतात का, अंगावर धावून जातात का, रात्री किती वेळा उठतात. हे लपवू नका. बरेच जण प्रवेश मिळणार नाही म्हणून भटकण्याची किंवा मारण्याची सवय सांगत नाहीत, आणि पंधरा दिवसांत केंद्राचा फोन येतो, "यांना घेऊन जा."

हा कागद उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि दोन गोष्टी विचारा. सहा महिन्यांनी यातलं काय सुधारेल, आणि दोन वर्षांनी काय बिघडलेलं असेल? खुब्याच्या ऑपरेशननंतर चालायला लागण्याची शक्यता असेल तर तुम्हाला काही आठवड्यांचं, रोज फिजिओथेरपी देणारं पुनर्वसन हवंय. डिमेन्शिया वाढत जाणार असेल तर आज नीट चालणाऱ्या माणसासाठीही उद्या अंथरुणाला खिळल्यावर सांभाळणारी जागा हवी. आणि आजार शेवटच्या टप्प्यात असेल तर वेदनाशमन करणारी, म्हणजे पॅलिएटिव्ह सेवा आधी शोधायला हवी. या तिन्हींची ठिकाणं वेगळी, खर्चही वेगळा.

घरीच सांभाळण्याचा पर्याय इथेच तपासून बघा. दिवसाचे काही तास मदत पुरत असेल तर घर बहुधा स्वस्त आणि सुखाचं. चोवीस तास माणूस लागायला लागला की दोन पाळ्यांचे पगार, सुट्टीतला बदली माणूस, भाड्याचा पलंग आणि घरातल्या कुणाची तरी सुटलेली नोकरी, ही बेरीज अनेकदा केंद्राच्या शुल्काला गाठते.

ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांना सांगणं पुढे ढकलू नका. "मला तिथे टाकताय का?" हा प्रश्न येणारच. त्याला "छे, चार दिवसांपुरतं" असं उत्तर देऊ नका. पाचव्या दिवशी ते खोटं पडतं, आणि नंतर औषध घ्या म्हणून सांगितलेलंही खरं वाटत नाही. घरी काय जमत नाहीये ते सरळ सांगा, आणि काही निर्णय खरोखर त्यांच्याकडे ठेवा: दोनपैकी कुठलं केंद्र, एकट्याची खोली की सोबत, घरातलं काय काय न्यायचं. समज शाबूत असलेल्या माणसाला त्याच्या संमतीशिवाय हलवण्याचा हक्क मुलांना नसतो, हेही लक्षात असू द्या.

## पैसा: जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

जाहिरातीत दिसतं ते मूळ शुल्क: पलंग, जेवण, सर्वसाधारण देखभाल. बिल मोठं होतं ते बाकीच्या ओळींनी. डायपर, हातमोजे, औषधं, ड्रेसिंग, फिजिओथेरपीची प्रत्येक फेरी, डॉक्टरांची भेट, हवेच्या गादीचं भाडं, ऑक्सिजन, अ‍ॅम्ब्युलन्स, हॉस्पिटलात सोबत पाठवलेला माणूस, विशेष आहार, कर. म्हणून फोनवर "महिन्याचं किती?" एवढंच विचारू नका. तुमचा गरजेचा कागद पाठवा आणि म्हणा, "अशाच अवस्थेतल्या रुग्णाचं मागच्या महिन्याचं बिल, नाव झाकून, दाखवता का?" जे केंद्र दाखवतं त्याच्याशी पुढे बोलणं सोपं जातं.

मग मुदतीचा हिशोब. शुल्क दरवर्षी वाढतं, हे धरूनच चाला. आजचं शुल्क १०० धरलं आणि वाढ वर्षाला १० टक्के असली, तर तीन वर्षांनी ते १३३ आणि पाच वर्षांनी १६१ होतं. ८ टक्के वाढीनेही नऊ वर्षांत ते दुप्पट होतं. ही झाली नुसती दरवाढ. माणूस अधिक परावलंबी झाला की वरच्या श्रेणीचं शुल्क लागतं, ते वेगळं. म्हणून दोन आकडे काढा: आजच्या अवस्थेत पाच वर्षं, आणि पूर्ण अंथरुणावर असताना पाच वर्षं. दुसरा आकडा झेपत नसेल तर आज एक पायरी साधं, पण पुढेही परवडेल असं केंद्र निवडा. पैसे संपले म्हणून तीन वर्षांनी ओळखीच्या हातांमधून माणसाला हलवणं फार जड जातं.

पैसा कुठून येणार, तेही त्याच कागदावर. सगळ्यात आधी त्या माणसाचं स्वतःचं नियमित उत्पन्न: पेन्शन, व्याज, भाडं. नंतर ठेवी आणि इतर बचत. राहतं घर शेवटी. जोडीदार हयात असेल तर त्याच्या किंवा तिच्या जगण्याचा खर्च सुरुवातीलाच बाजूला काढा. एकाच्या शुश्रूषेत दुसऱ्याचं म्हातारपण रिकामं होण्याची उदाहरणं कमी नाहीत.

घराबाबत सावध राहा. विकण्याआधी भाड्याने देऊन बघा. माणूस सुधारून परत येण्याची शक्यता असेल तर पहिले काही महिने तेही नको. घर तारण ठेवून दरमहा रक्कम देणारी, म्हणजे रिव्हर्स मॉर्टगेजची योजना इथे सोयीची वाटते, पण ती साधारणपणे कर्जदार त्या घरात राहतो या अटीवर असते. तो कायमचा शुश्रूषा केंद्रात गेला की कर्ज फेडायची वेळ येऊ शकते. कलम वाचल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

विम्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज हा की आरोग्य विमा आहे म्हणजे हे भागेल. आरोग्य विमा आजाराच्या उपचाराचे पैसे देतो. अंघोळ घालणं, भरवणं, डायपर बदलणं याला तो सहसा उपचार मानत नाही. दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा हा वेगळा प्रकार आहे, आणि तो बहुधा सहापैकी किमान दोन क्रिया जमेनाशा झाल्या किंवा बुद्धीचा ऱ्हास सिद्ध झाला, की लागू होतो. तशी पॉलिसी असेल तर प्रतीक्षाकाळ किती, रोजची मर्यादा किती आणि किती वर्षं, हे तीन आकडे शोधा. आजार आल्यावर नवी पॉलिसी काढायला जाल तर ती मिळणं जवळपास अशक्य.

सरकारी मदत देशागणिक इतकी बदलते की दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबता येत नाही. नेदरलँड्सने १९६८ पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला, जर्मनीने १९९५ मध्ये, जपानने २००० मध्ये. जपानमध्ये चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो, आणि तरीही लाभ घेताना १० ते ३० टक्के वाटा खिशातून जातो. अमेरिकेतला मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा हॉस्पिटलमधून आल्यावर कुशल शुश्रूषेचे जास्तीत जास्त १०० दिवस सांभाळतो, त्यातले पहिले २० पूर्णपणे. नुसती देखभाल त्यात बसत नाही. ती मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी योजनेत बसते, पण त्यासाठी उत्पन्न आणि मालमत्ता तपासतात, आणि बहुतेक ठिकाणी मागच्या पाच वर्षांत कुणाला काय देऊन टाकलं तेही बघतात. तुम्ही कुठेही असा, कुठलीही योजना समोर आली की तीन गोष्टी विचारा. ती उपचाराचे पैसे देते की देखभालीचेही? किती दिवस? आणि मालमत्ता बघत असेल तर किती वर्षं मागे जाऊन? मुलांच्या नावावर घाईघाईने घर करून देणं तिसऱ्या प्रश्नात अडकतं.

आता अशी गोष्ट जी बहुतेक जण उशिरा करतात. आईचे पैसे बँकेत आहेत, पण सही करायला आई भानावर नाही, अशी वेळ येऊ शकते. खात्यावर वारस म्हणून नाव असलं तरी हयातीत पैसे काढता येत नाहीत. अनेक देशांच्या कायद्यांत साधं मुखत्यारपत्रही देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की निकामी होतं. काही ठिकाणी टिकणारं मुखत्यारपत्र वेगळं करता येतं, काही ठिकाणी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. त्यामुळे समज शाबूत असतानाच वकिलाला गाठा, आणि संयुक्त खातं, मुखत्यारपत्र, उपचारांबद्दलची इच्छा हे सगळं एकाच बैठकीत उरका.

भावंडं असतील तर कोण किती देणार हे तोंडी ठेवू नका. पैसे देणारा एक, धावपळ करणारी दुसरी आणि दोघांनाही आपलाच भार जास्त वाटतो, हे घरोघरी चालतं. दरमहा कुणी किती, हॉस्पिटलचा अचानक खर्च कसा वाटायचा, आणि जी रोज जाते-येते तिच्या वेळेची किंमत धरायची की नाही, हे लिहून सगळ्यांना पाठवा. माझ्या मते धरायलाच हवी.

## यादी आणि फोन

नावं गोळा करायला जाहिरातींपेक्षा माणसं बरी. हॉस्पिटलातल्या वॉर्डच्या सिस्टर, घरोघर जाणारे फिजिओथेरपिस्ट, अ‍ॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर यांना कुठल्या केंद्रातून रुग्ण कुठल्या अवस्थेत येतात हे पक्कं ठाऊक असतं. सरकारी तपासणीचे अहवाल तुमच्याकडे प्रसिद्ध होत असतील तर ते वाचा. इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन चार श्रेणी देतं, अमेरिकेत २००८ पासून पाच तारे आहेत. तारे बघा, पण त्याखालचा तपशील जास्त बघा, कारण त्यातच जखमा आणि कर्मचारी दिसतात. मोफत मदत करणारा एजंट असेल तर त्याला सरळ विचारा, "तुम्हाला कमिशन कोण देतं?" बहुतेकदा केंद्रच देतं, त्यामुळे कमिशन न देणाऱ्या जागा त्याच्या यादीत नसतात.

अंतर ठरवताना शहराचा मध्य बघू नका. जो सगळ्यात जास्त वेळा भेटायला जाणार त्याच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर केंद्र असू द्या, आणि चांगलं हॉस्पिटल जवळ असू द्या. वारंवार आणि अवेळी येणारा नातेवाईक हा देखरेखीचा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे.

फोनवर पाचच प्रश्न. परवाना कुणाचा आणि कधीपर्यंत? प्रशिक्षित नर्स चोवीस तास असते की दिवसाच? रात्री किती रहिवाशांमागे किती माणसं? आमच्या रुग्णाची ही नळी, हे वजन, हा स्वभाव, सांभाळाल का? सगळं धरून खर्च किती? उत्तरं न देता नुसतं "या, बघा, मग बोलू" म्हणणारे इथेच गळतात, आणि यादी निम्मी होते. तीन-चार उरले की निघा.

## प्रत्यक्ष भेट

पहिली भेट वेळ घेऊन, दुसरी न सांगता. दुसरी जेवणाच्या वेळेला किंवा सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे माणसं कमी असतात तेव्हा.

आत शिरताच वास येईल. एखाद्या खोलीत लघवीचा वास असणं साहजिक आहे, कुणाचं तरी आत्ताच बदलायचं असेल. तो मजलाभर मुरलेला असेल तर बदलायला उशीर होतोय. उग्र सुगंधी फवाऱ्याचा वास तर मला अधिकच संशयास्पद वाटतो. मग माणसांकडे बघा. नखं कापलेली आहेत का, चष्मा डोळ्यांवर आणि कवळी तोंडात आहे का, पाण्याचा पेला हाताला येईल असा ठेवलाय का. बेल वाजली की किती वेळात कुणी येतं ते घड्याळ लावून बघा. भरवणारी व्यक्ती बसून भरवतेय की उभ्या उभ्या तोंडात कोंबतेय? अटेंडंट रहिवाशांना नावाने, नात्याने हाक मारतात की "बेड नंबर सात" म्हणतात?

हात मोजायची रीत अशी. समजा ३० रहिवासी आहेत. सकाळी ५ जण, दुपारी ४ आणि रात्री २, पाळी आठ तासांची. ११ माणसं गुणिले ८ म्हणजे ८८ तास, भागिले ३०, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला तीन तासांहून थोडं कमी. अमेरिकी सरकारसाठी झालेल्या २००१ च्या अभ्यासात दीर्घकाळ राहणाऱ्या रुग्णांसाठी ४.१ तासांची पातळी पुढे आली होती. त्याखाली शुश्रूषेचा दर्जा ढळण्याची भीती. प्रत्येक केंद्र तिथवर पोचत नाही, पण तीन केंद्रांची तुलना करायला या आकड्यासारखं साधन नाही. मात्र तक्त्यावरची नावं मोजू नका. त्या दिवशी हजर असलेली माणसं मोजा, आणि स्वयंपाकघरातली, कार्यालयातली वगळा.

मॅनेजर फोनवर असताना एखाद्या मावशींना विचारा, "किती दिवस झाले इथे?" तिघी-चौघींची उत्तरं दोन-चार महिन्यांचीच असतील तर माणसं टिकत नाहीत. जिथे माणसं टिकत नाहीत, तिथे तुमच्या वडिलांचा कुठला खांदा दुखतो हे कुणालाच माहीत नसतं.

पाठीच्या जखमांबद्दल उघड विचारा. एकाच कुशीवर तासन्‌तास पडून राहिलं की हाडाच्या जागी त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखम होते: माकडहाड, खुबा, टाचा. म्हणून कूस बदलायची. दर दोन तासांनी, हा जुना संकेत आहे, आणि गादी व रुग्ण बघून तो बदलतो. धोका मोजायला ब्रेडन मापनपद्धत आहे, ६ ते २३ गुणांची. १८ किंवा कमी गुण म्हणजे धोका. केंद्राला विचारा, "तुम्ही कुठली मापनपद्धत वापरता, आणि कूस बदलल्याची नोंद कुठे ठेवता?" नोंदवही मागा. सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच हाताने, पुढच्या चार तासांच्याही आधीच भरलेल्या असतील, तर तुम्हाला उत्तर मिळालं. वजनाची आणि पडझडीची नोंदही तशीच बघा. "आमच्याकडे कुणी पडतच नाही" असं सांगणारं केंद्र एक तर नोंद ठेवत नाही, नाही तर माणसांना उठूच देत नाही.

बांधून ठेवण्याचा मुद्दा यातूनच येतो. खुर्चीला पट्टा, पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे, हाताला फडकं. "पडू नयेत म्हणून" असं सांगितलं जातं. अमेरिकेच्या १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधण्यापासून मुक्त असण्याचा हक्क रहिवाशांना दिला. बांधल्याने स्नायू आणखी कमजोर होतात, आणि सुटायच्या धडपडीत इजाही होते. गोळ्यांनी बांधणं याहून न दिसणारं. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मनोविकारावरची काही औषधं मृत्यूचा धोका वाढवतात, असा ठळक इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. दुपारी तीनला सगळा हॉल माना टाकून झोपलेला दिसला तर विचारा, "औषधांचा फेरआढावा कोण घेतं, किती दिवसांनी?" वृद्धांसाठी धोकादायक औषधांची बीअर्स यादी १९९१ मध्ये शुश्रूषागृहातल्या रहिवाशांसाठीच तयार झाली होती. ती केंद्राच्या डॉक्टरांना माहीत असायला हवी.

बाकी गोष्टी पटापट: स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट, मोकळा आपत्कालीन दरवाजा, वीज गेली तर ऑक्सिजनचं काय, औषधं कुलपात आहेत का, पुरुष कर्मचारी स्त्रियांना अंघोळ घालतात का. निघताना बाहेर भेटायला आलेल्या एखाद्या नातेवाइकाशी दोन शब्द बोला. "इथलं काय आवडत नाही?" असा प्रश्न विचारा, "कसं आहे?" असा नको.

## करार

सही करण्याआधी करार घरी आणून वाचा. आधी हे बघा की तुम्ही प्रतिनिधी म्हणून सही करताय की जामीनदार म्हणून. प्रतिनिधी त्या माणसाच्या पैशातून बिल भरतो. जामीनदार कमी पडलं तर स्वतःच्या खिशातून भरतो. हा फरक अनेकदा एका शब्दात दडलेला असतो.

मग अनामत: परत मिळते का, किती दिवसांत, त्यातून काय कापतात, आणि मृत्यू झाला तर चालू महिन्याच्या शुल्काचं काय. हॉस्पिटलात भरती असताना पलंग राखून ठेवायचं शुल्क किती आणि किती दिवस. दरवाढ वर्षातून किती वेळा, कमाल किती टक्के, किती आधी कळवणार. "व्यवस्थापन वेळोवेळी ठरवेल तसं" असं वाक्य असेल तर ते खोडून आकडा लिहून घ्या. केंद्र रुग्णाला कुठल्या कारणांनी काढू शकतं आणि किती दिवसांची सूचना देऊन, हेही तितकंच महत्त्वाचं. "रुग्णाची अवस्था बिघडल्यास" हे कारण असेल तर विचार करा, कारण अवस्था बिघडणार म्हणूनच तुम्ही तिथे चाललात.

तोंडी दिलेली आश्वासनं, म्हणजे "फिजिओ आठवड्यातून तीनदा देऊ" किंवा "खिडकीजवळचा पलंग देऊ", एका ईमेलमध्ये लिहून पाठवा आणि होकार मागवा. जमलं तर दोन आठवड्यांचा किंवा महिन्याचा चाचणी मुक्काम मागा. बऱ्याच केंद्रांत तशी सोय असते.

## पहिला महिना

प्रवेशाच्या दिवशी सगळ्या औषधांची एक यादी, मात्रा आणि वेळांसह, जुने रिपोर्ट, अ‍ॅलर्जी, आणि एका पानावर त्या माणसाची ओळख. काय काम करायचे, काय ऐकायला आवडतं, कशाने चिडतात, डाव्या कानाने ऐकू येत नाही. भिंतीवर लावलेलं हे पान नव्या अटेंडंटच्या फार उपयोगी पडतं. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र यांवर नाव घाला, कारण पहिल्या महिन्यात हरवतात त्या याच गोष्टी. दागिने घरी ठेवा. नर्ससमोर पाठ, टाचा आणि खुबे तपासून जखम असेल तर तारखेसह फोटो काढा, आणि वजन लिहून घ्या. पुढे जखम कधीची यावरून वाद होतो तेव्हा हेच कामाला येतं.

पहिले दोन-तीन आठवडे वाईट जातात. झोप बिघडते, जेवण कमी होतं, "घरी ने" असं रोज ऐकावं लागतं. डिमेन्शियाचा माणूस तर घरी असतानाही घरी न्या म्हणतो. त्यामुळे तेवढ्यावरून जागा वाईट ठरवू नका. महिन्यात वजन स्पष्ट घटलं, नवी जखम दिसली, माणूस दिवसा सतत गुंगीत राहिला किंवा एखाद्या कर्मचाऱ्याला बघून आक्रसला, तर मात्र थांबू नका. त्याच दिवशी मुख्य नर्सशी बोला, रात्री तेच लेखी पाठवा, आणि ठरलेल्या मुदतीत काही झालं नाही तर परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे जा. तक्रार केली तर आईवर राग काढतील, ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे तक्रार शांत, लेखी आणि नेमकी असणं, आणि त्या आठवड्यात रोज वेगवेगळ्या वेळी कुणीतरी भेटायला जाणं.

बिल दर महिन्याला ओळ न्‌ ओळ वाचा. डायपरची संख्या भागिले दिवस, एवढं करून पाहिलं तरी बरंच कळतं. दिवसाला दोनच निघाले तर बदलण्यात हयगय होतेय, बारा निघाले तर बिलात गडबड आहे.

केंद्र बदलायचं ठरलंच तर सूचना देण्याआधी नव्या ठिकाणचा पलंग लेखी पक्का करा. औषधांच्या नोंदी आणि शुश्रूषेच्या टिपणांच्या प्रती बाहेर पडण्याआधीच घ्या, नंतर त्या मागत फिरावं लागतं. हलवायचं ते सकाळी आणि कामाच्या दिवशी, म्हणजे नव्या ठिकाणी डॉक्टर, फार्मसी आणि पूर्ण कर्मचारी हजर असतात. पहिल्या रात्रीच्या पाळीतल्या माणसाला तुम्ही स्वतः भेटूनच तिथून निघा.